गंगाखेडच्या सायकल मिस्त्रीकाकांना पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दुकानातून येऊन आठ दिवस झाले, तरी तो अर्धा तास आठवला की माझा गळा दाटून येतो. त्या वेळी तोंडाने जे बोलता आले नाही, ते लिहून कळवीत आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या मदतीतून घेतलेल्या सायकलवर ती रोज चार किलोमीटरवरच्या शाळेत जाते. तीन आठवड्यांत मागचे चाक तीनदा पंक्चर झाले. आपल्याकडे येण्याआधी मी सायकल एका मोठ्या दुकानात नेली होती. तेथे दोन वेळा नवी ट्यूब घालून पैसे घेतले, काटा कोणी शोधला नाही, आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा "पोरीला नीट चालवायला शिकवा" असे चारचौघांत सुनावले. चूक आपलीच, असे समजून ती पोर दोन दिवस पायी शाळेत गेली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ट्यूबवरचे छिद्र व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे हे आपण मोजले, टायरवर तेवढ्याच वितींवर खडूची खूण केली आणि तिला जवळ बोलावले. "पोरी, बोट फिरव आतून, हळू. नवी ट्यूब घालून काय व्हतंय, काटा तं टायरातच हाय." बाभळीच्या काट्याचे तिळाएवढे मोडके टोक तिच्याच बोटाला लागले.

मग ठिगळही आपण तिच्याकडूनच लावून घेतलेत. सोल्यूशन सुकण्याआधीच ती ठिगळ दाबायला गेली, तेव्हा आपला हात पुढे आला आणि आपण तो मागे घेऊन मांडीवर ठेवलात. टायर रिमवर चढवताना ती अडली, तेव्हाही तसेच केलेत. काका, मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे. दुसऱ्याच्या हातून काम बिघडताना पाहून गप्प बसणे कसबी माणसाला किती जड जाते, हे मी जाणतो. मी पहिल्यांदा तिफण धरली तेव्हा माझ्या वडिलांना ते जमले नव्हते. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांनाही "पोरगी शिकतीया, थांबा" एवढेच म्हणालात आणि पैसे घेतलेत ते एका ठिगळाचे. रस्त्याकडेला पंप, पाण्याचे घमेले आणि चार पाने घेऊन बसणाऱ्या अशा माणसांच्या भरवशावर आमच्या भागातल्या किती मुली वेळेवर शाळेत पोचत असतील, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

तेव्हापासून घरात पाना तिच्या ताब्यात आहे. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, हे तिने परवा तिच्या चुलत्याला समजावून सांगितले. काल मात्र तिने मागच्या चाकाचा हब खोलला आणि दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ छर्रे ताटलीत मोजले, तर सतराच भरले. अठरावा अंगणात कोठे गेला तो सापडत नाही. रविवारी तो घ्यायला आम्ही दोघे येत आहोत. छर्रा चाकात तीच भरील, आपण फक्त समोर बसावे. आणि त्या दिवशीचा चहा आमच्याकडून असेल, त्याला नाही म्हणू नये.

आपला ऋणी,
सायकलवाल्या मुलीचा बाप