होडीच्या मोटरीचा पंखा होडीचे वजन पाहून निवडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल परवडत नाही, मोटर पूर्वीसारखी ओढत नाही, ही तक्रार मालवण ते देवगड या पट्ट्यातील कोणत्याही जेटीवर अर्धा तास उभे राहिले तरी कानावर पडते. पेट्रोलचा दर आपल्या हातात नाही. मात्र गेली पंचवीसहून अधिक वर्षे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायच्या, मोटरींची दुरुस्ती करताना माझ्या असे लक्षात आले आहे की, 'ओढत नाही' म्हणून माझ्याकडे आणलेल्या पुष्कळ मोटरींत काहीच बिघडलेले नसते. मोटरीच्या खाली जो पंखा, म्हणजे प्रोपेलर, लावलेला असतो तो त्या होडीच्या वजनाला शोभणारा नसतो. मोटर घेताना लाखाच्या घरात रक्कम मोजणारा नाखवा पंखा मात्र खोक्यातून निघेल तो बिनतक्रार लावतो, आणि विकणाराही त्याला होडीबद्दल एक प्रश्न विचारत नाही. याविषयी मच्छीमार बांधवांना आणि पर्यटकांची ने-आण करणाऱ्या होडीमालकांना चार गोष्टी कळाव्यात, म्हणून हे पत्र.

प्रत्येक पंख्याच्या बुंध्यावर किंवा पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ९.९ अश्वशक्तीच्या मोटरीवर ते पुष्कळदा सव्वानऊ गुणिले अकरा असे असतात. पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात तो जितका आत जातो, तितके अंतर पंखा पाण्यात एका फेऱ्यात पुढे जाईल असे गृहीत धरलेले असते, आणि तेच पिच. व्यास बदलायला छोट्या मोटरीत फारसा वाव नसतो, कारण पंख्याच्या वरची आडवी पट्टी आणि गिअरचा सांगाडा त्याला मर्यादा घालतात. आपल्या हातात खरोखर असते ते पिच, आणि चूक होते तीही तिथेच.

अकरा इंच पिच म्हणजे आठ इंचापेक्षा जास्त वेग, असा सरळ हिशेब बहुतेकजण करतात. हलक्या, पाण्यावर उचलून तरंगत धावणाऱ्या स्पीडबोटीला तो बराचसा लागू पडतो. आपली चोवीस फुटी फायबरची होडी मात्र जाळी, बर्फ, पेट्रोलचे कॅन आणि चार माणसे घेऊन पाणी कापत जाते. तिला मोठ्या पिचचा पंखा लावणे म्हणजे भरलेला ट्रक आंबोलीचा घाट वरच्या गिअरमध्ये चढवणे होय. इंजिन दबते, पूर्ण थ्रॉटल दिला, म्हणजे वेगाची मूठ शेवटपर्यंत पिळली, तरी फेरे वाढत नाहीत, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, पिस्टनवर आणि सिलिंडरमध्ये कार्बन साठतो. मोटर आवाजाने शांत वाटते म्हणून मालक समाधानी असतो. खरे तर त्या वेळी तिच्यावर सर्वाधिक ताण असतो.

याचे मोजून पाहिलेले एक उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावातील एका होडीची चारस्ट्रोक ९.९ अश्वशक्तीची मोटर माझ्याकडे आली. विकणाऱ्याने दोनदा कार्ब्युरेटर साफ करून दिला होता आणि तिसऱ्यांदा नवा कार्ब्युरेटर घ्यायला सांगितले होते. मी होडी नेहमीइतके वजन भरून खाडीत नेली आणि फेरे मोजले. पूर्ण थ्रॉटलला ते मिनिटाला ४४०० च्या वर जाईनात, आणि मोटरीच्या पुस्तिकेत तर ५००० ते ६००० दिलेले होते. पंखा अकरा पिचचा होता. तो काढून त्याच व्यासाचा आठ पिचचा पंखा लावला, तेव्हा तितक्याच वजनाने फेरे ५२०० वर गेले.

आता हिशेब पाहावा. या मोटरीच्या गिअरचे प्रमाण २.०८ आहे, म्हणजे इंजिनचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक फेरा होतो. ४४०० फेऱ्यांना अकरा पिचचा पंखा पाणी जराही न निसटता चालला असता, तर होडी ताशी सुमारे ३५ किलोमीटर गेली असती. ५२०० फेऱ्यांना आठ पिचचा पंखा ताशी सुमारे ३० किलोमीटर. म्हणजे कागदावर जुनाच पंखा सरस. प्रत्यक्षात मोबाइलच्या जीपीएसवर जुन्या पंख्याने ताशी ११ आणि नव्या पंख्याने ताशी १२ किलोमीटर वेग मिळाला. कागदावरचा वेग आणि खरा वेग यांतील फरकाला स्लिप म्हणतात. हलक्या बोटीत तो दहा ते वीस-पंचवीस टक्के असतो, पण वजनदार होडीत निम्म्याहून अधिकही जातो. त्यामुळे पिचच्या आकड्यावरून वेगाचा अंदाज बांधणे आपल्या होड्यांच्या बाबतीत फसवे ठरते.

वेग जेमतेम एक किलोमीटरने वाढला, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे त्या मालकानेही मला विचारले. पूर्ण थ्रॉटलवर तासाचे पेट्रोल कमी झाले नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पूर्वी जो वेग थ्रॉटल शेवटपर्यंत पिळून मिळत होता, तो आता पाऊण थ्रॉटलवर मिळू लागला, आणि उरलेला पाव हिस्सा हाताशी शिल्लक राहिला. देवबागला कर्ली नदीच्या मुखातून ओहोटीच्या वेळी, समोरून लाट आणि खालून उथळ वाळू असताना ज्याने होडी काढली आहे, त्याला त्या शिल्लक ताकदीचे मोल वेगळे सांगायला नको. लाट फुटायच्या आत दहा हात पुढे सरकता येते की नाही, एवढाच तिथे प्रश्न असतो.

उलट चूकही होते, आणि तिचीही नोंद घ्यायला हवी. पिच फारच कमी केले तर रिकाम्या होडीत इंजिन मर्यादेबाहेर फिरते. आधुनिक मोटरींत फेरे रोखणारी यंत्रणा असते, जुन्या टूस्ट्रोक मोटरींत ती बहुधा नसते, आणि अशा मोटरीचे बेअरिंग व पिस्टन लवकर जातात. म्हणून पुस्तिकेत दिलेला फेऱ्यांचा पल्ला हीच खरी कसोटी. भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला फेरे त्या पल्ल्याच्या आत यावेत, आणि रिकाम्या होडीत वरच्या टोकाच्या पलीकडे जाऊ नयेत. हा पल्ला प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, केरोसीनवर चालणाऱ्या मोटरींचाही वेगळा असतो. शेजाऱ्याच्या मोटरीचा आकडा आपल्याला लावू नये. एक इंच पिच बदलल्याने दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो, असा ठोकताळा सांगितला जातो. तो मोठ्या मोटरींच्या पंधरा-वीस पिचच्या पंख्यांना ठीक आहे. आठ-नऊ पिचमध्ये एक इंच हा बराच मोठा वाटा असल्यामुळे फरकही जास्त पडतो, हे वरच्या उदाहरणात दिसतेच.

फेरे मोजायचे कसे, ही अडचण खरी आहे, कारण छोट्या मोटरींवर टॅकोमीटर नसतो. प्लगच्या वायरीभोवती नुसती तार गुंडाळून चालणारे छोटे टॅकोमीटर बाजारात फार महाग नाहीत. वाडीत दहा होड्या असतील तर एक मीटर सगळ्यांना पुरतो. मात्र तो टूस्ट्रोक, फोरस्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांप्रमाणे आधी जुळवावा लागतो, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवतो. चाचणी नेहमीच्या पूर्ण वजनाने, मोटर चांगली गरम झाल्यावर, आणि प्रवाहाच्या दिशेने एकदा व विरुद्ध दिशेने एकदा अशी करून वेगाची सरासरी काढावी.

त्याआधी मोटर योग्य उंचीवर बसली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली असावी. मागची फळी उंच आणि मोटर पंधरा इंची आखूड दांड्याची असेल, तर पट्टी वर राहते, पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, मोटर एकदम रेस होते आणि होडी जागच्या जागी राहते. अशा वेळी वाढलेले फेरे पाहून 'पिच कमी पडले' असा निष्कर्ष काढून मोठ्या पिचचा पंखा आणणारे मी पाहिले आहेत. तिथे वीस इंची दांड्याची मोटर हवी होती किंवा फळी खाली घ्यायला हवी होती. मोटर रेस होते पण होडी चालत नाही याचे आणखी एक कारण म्हणजे पंख्याच्या बुंध्यातील रबरी बुश सुटणे. दगड लागला तर गिअर वाचावा म्हणून तो बुश मुद्दाम निसटणारा केलेला असतो, आणि सुटल्यावर तेवढाच बदलून मिळू शकतो. नवी मोटर बघायला निघू नये.

पाती तीन की चार, हा प्रश्न सिंधुदुर्ग किल्ल्याकडे आणि डॉल्फिन दाखवायला पर्यटक नेणाऱ्या होड्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. चार पात्यांच्या पंख्याचा सर्वाधिक वेग थोडा कमी असतो, पण वजन घेऊन निघताना तो पाण्याला धरून राहतो, थरथर कमी होते, आणि जेटीला लावताना मागे घेण्याची पकड चांगली मिळते. ज्या होडीचे काम माणसे चढवणे, उतरवणे आणि सावकाश चालणे हेच आहे, तिला माझ्या मते चार पातीच लावावीत.

धातूचेही थोडक्यात सांगतो. स्टीलचा पंखा फारसा झिजत नाही आणि पाते पातळ असल्याने कार्यक्षमही असतो, पण तो महाग असतो आणि खडकावर आदळला तर धक्का आतल्या गिअरपर्यंत जाण्याची शक्यता अधिक. आपल्या किनाऱ्यावर, जिथे खडक आणि वाळू दोन्ही आहेत, ॲल्युमिनियमचाच बरा. तो वाकतो आणि दुरुस्त होतो. मात्र त्याच्या कडा वाळूने झिजत जातात. झिजलेल्या पंख्याने पिचचे सर्व गणित बिघडते, म्हणून होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढल्या की पंखा काढून त्याच्या कडा नव्या पंख्याशी ताडून पाहाव्यात. त्याच वेळी पंखा ज्या दांड्यावर बसतो त्यावर जाळ्याचा किंवा गळाचा नायलॉन दोरा गुंडाळलेला आहे का तेही पाहावे. तो ऑइल सील, म्हणजे गिअरचे तेल आत राखणारी कडी, कापतो, पाणी आत शिरते आणि गिअर ऑइल दुधाळ होते.

इतक्या लहान बदलाने इतका फरक पडतो, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात बोटींना पंखा बसवण्याचे प्रयोग करणारे फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांच्या चाचणी बोटीचा स्क्रूसारखा दोन वेढ्यांचा लाकडी पंखा आपटून अर्धा तुटला, आणि बोट थांबण्याऐवजी अधिक वेगाने चालू लागली. पंख्याचा आकार अंदाजाने ठरवू नये, मोजून ठरवावा, हे त्या काळापासून ठाऊक असलेले आहे.

पारंपरिक होड्यांना मोटरी बसवण्यासाठी सरकारी अर्थसाहाय्य दिले जाते. त्या अर्जात मोटरीची अश्वशक्ती आणि किंमत असते, पंख्याबद्दल एक ओळ असलेली मी पाहिलेली नाही. माझी मत्स्यव्यवसाय विभागाला आणि मच्छीमार सहकारी संस्थांना विनंती आहे की, दरपत्रकात पंख्याचा व्यास, पिच आणि पात्यांची संख्या लिहिणे बंधनकारक करावे, आणि विक्रेत्याने भरलेल्या होडीत चाचणी घेऊन पूर्ण थ्रॉटलचे फेरे पावतीवर नोंदवल्याशिवाय अर्थसाहाय्याचा हप्ता देऊ नये. फेरे पल्ल्यात आले नाहीत तर नव्यासारखाच असलेला तो पंखा बदलून देण्याची अटही त्यातच असावी. संस्थांनी आपल्या गोदामात आठ, नऊ आणि दहा पिचचा एकेक पंखा चाचणीसाठी ठेवला, तर सभासदाला तो एक दिवस लावून पाहता येईल आणि मगच स्वतःचे पैसे घालता येतील. तीन पंख्यांचा खर्च एखाद्या संस्थेला जड नाही. येत्या नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरण्यापूर्वी निदान एका संस्थेने हे करून पाहिले, तर मीटर घेऊन मोजायला मी विनामोबदला येईन.

आपला नम्र,
आउटबोर्ड मोटर दुरुस्ती करणारा एक वाचक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग