भाजल्यावर बर्फ नको, हे शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

मासेमारीच्या बोटींवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे आभाराचं पत्र. जाहीर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं जितक्या बोटींवर पोचेल तितकं थोडंच.

भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा वर्ग घेण्याआधी तुम्ही स्वतः इंजिनखोलीत उतरलात. शेगडी कुठे आहे, एक्झॉस्टचा पाइप कुठून जातो, टाकीत गोडं पाणी किती मावतं, हे पाहून मग बोललात. म्हणून तुमचा शब्दन् शब्द पटला.

सगळ्यात मोठं काम तुम्ही बर्फाचं केलंत. मासे ठेवायच्या खणात बर्फ भरलेला असतो, त्यामुळे हात भाजला की तो थेट बर्फात खुपसायचा, ही सगळ्यांची सवय. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, भाजलेल्या जागी रक्त कमी पोचतं आणि जखम आणखी खोल जाते. शिवाय त्या बर्फात माशांचं रक्त आणि चिकटा मिसळलेला. त्याऐवजी साधं वाहतं पाणी, घड्याळ लावून २० मिनिटं. लगेच जमलं नाही तरी ३ तासांच्या आत केलं तर फायदा होतो.

इतकं गोडं पाणी आणायचं कुठून, ही खरी अडचण. ती तुम्ही सोडवलीत: डेक धुण्याच्या पंपाचं समुद्राचं पाणी, धार हलकी ठेवून. बंदरातलं तेलकट पाणी किंवा बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं घाण पाणी पडतं तिथलं नको. शेवटी प्यायच्या पाण्याने जखम धुवायची, कारण समुद्राच्या पाण्यातले जंतू उघड्या जखमेत राहू द्यायचे नाहीत. भाजलेला भाग मोठा असेल तर बाकीचं अंग कोरडं करून पांघरायचं. वाऱ्यात ओला माणूस फार लवकर गारठतो.

गमबुटाचा मुद्दा तर प्रत्येक खलाशाने ऐकावा. बोट कलंडली, उकळतं भांडं सांडलं, की पाणी बुटात शिरतं आणि तिथेच साठतं. वरून कितीही पाणी ओतलं तरी आत पाय शिजतच राहतो. आधी बूट काढायचा, मग मोजा. अंगठी, घड्याळ, कडं सूज यायच्या आत उतरवायचं. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढायचं नाही, भोवतीने कापायचं. फोड फोडायचे नाहीत. पेस्ट, तेल, ग्रीस काही लावायचं नाही. स्वयंपाकातली पातळ प्लास्टिक फिल्म लांबीने पसरायची, गुंडाळायची नाही, कारण सुजेबरोबर ती आवळते. पंजा भाजला तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी.

कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचं झाकण गरम इंजिनवर का उघडायचं नाही, हेही नीट समजलं. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो, त्याची क्षणात वाफ होते आणि वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबायचं. टाकी हाताला गार लागली, की जाड फडकं धरून, तोंड बाजूला ठेवून, झाकण आधी थोडंच फिरवायचं.

मदत कधी मागायची, याबद्दल तांडेल, म्हणजे बोटींचे प्रमुख, तुमचे विशेष ऋणी आहेत. जखमीचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. हे कळल्यापासून वायरलेसवर "खूप भाजलाय" असं मोघम जात नाही. बोटीची जागा, माणसाचं वय, कशाने भाजला, किती वाजता, कुठे आणि किती तळवे, एवढं चॅनेल १६ वर, म्हणजे वायरलेसच्या संकटकाळच्या चॅनेलवर, हाक दिल्यावर सांगता येतं. आणि आग लागलेल्या बंद जागेतून आलेल्या माणसाचा आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळाले किंवा थुंकीत काजळी दिसली, तर कातडी ठीक दिसली तरी थांबायचं नाही. घसा काही तासांत सुजून श्वास अडवू शकतो. त्याला बसतं ठेवायचं आणि त्याच क्षणी मदत मागायची.

एक विनंती. पुढच्या वर्गात भाजलेल्या हाताचे व्यायाम दाखवा. जखम भरते, पण कातडी आखडून बोटं वाकलेली राहतात, आणि मग दोर धरता येत नाही. कोणत्या दिवसापासून, किती वेळा, पट्टी असताना की काढून, हे तुमच्याकडूनच शिकायचं आहे.

आपले कृतज्ञ,
बोटींवरचे तांडेल आणि खलाशी