तीन सर्व्हर कशाला?

स्टॉकहोम

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दोन सर्व्हर पुरत नाहीत का? तिसऱ्याचा खर्च कशाला?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय गवारीवर गेला, म्हणून लिहितो.

आमच्याकडे एक प्रोग्रॅम ऑर्डर टाकतो, दुसरा उचलतो. उचलणारा बंद असला तरी ऑर्डर हरवू नये म्हणून मधे रॅबिटएमक्यू हा ब्रोकर ती रांगेत धरून ठेवतो. तो एकाच मशीनवर असला आणि तेच बसलं, तर सगळंच ठप्प. म्हणून रांगेच्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवायच्या.

आता मशीन दोनच घेतली आणि मधली केबल तुटली, तर दुसरं मेलं की नुसता संपर्क गेला, हे कुणालाच कळत नाही. दोघंही आपापली रांग चालवू लागली, तर हिशेब जुळायचाच नाही. तीन असली की दोघांचं बहुमत होतं, एकटं पडलेलं गप्प बसतं. आपल्या सोसायटीच्या सभेचा कोरमच म्हणा ना. फक्त आपल्याकडे अर्धा तास थांबून तीच चार माणसं ठराव पास करतात, इथे ती पळवाट नाही. बहुमत नाही तर रांग बंद. आणि चौथं मशीन घेऊनही उपयोग नाही: चारांत बहुमत तिघांचं, म्हणजे तेव्हाही एकच पडलेलं चालतं.

जोडणीत तिन्हीकडे अर्लांग कुकी ही गुप्त खूण अगदी सारखी लागते, मशीनना एकमेकांची नावं सापडावी लागतात, फायरवॉलमध्ये ४३६९ आणि २५६७२ ही पोर्ट (मशीननी एकमेकांशी बोलायची दारं) उघडावी लागतात. बाकी सगळं दोन-चार कमांडचं काम.

अर्लांग म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील! टेलिफोन भवनात तुम्ही ट्रॅफिक ज्या अर्लांगमध्ये मोजायचात, त्याच डॅनिश गणितज्ञाचं नाव अर्लांग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला आहे. एरिक्सनने ती १९८० च्या दशकात एक्स्चेंजसाठी इथेच तयार केली. एक कॉल बिघडला म्हणून बाकीचे तुटता कामा नयेत, हा तिचा पाया. ब्रोकर तिच्यातच लिहिलाय.

तिसरं मशीन पुण्यात ठेवायची आईची सूचना ("म्हणजे तपासायला तरी येशील") साहेबांपर्यंत नेलेली नाही. क्लस्टरला, म्हणजे अशा जोडलेल्या मशीनच्या गटाला, जवळचं, भरवशाचं नेटवर्क लागतं, एवढं अंतर झेपत नाही. पुण्यात स्वतंत्र ब्रोकर ठेवून फेडरेशनने (एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवायची सोय) जोडता येतो, आणि तो प्रस्ताव मी खरंच मांडणार आहे. आईला इतक्यात सांगू नका, ती लगेच चकल्यांची भाजणी दळायला टाकेल.

तुमचा,
नंदू