करवत आली, शिस्त आली नाही

महोदय,

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली परिसरातील आंबा-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हापासून आमच्या वाडीत पेट्रोलवर चालणारी करवत सर्रास दिसू लागली. ती चालवण्याची शिस्त मात्र आली नाही. परवाच एक गडी पायात स्लिपर घालून, शिडीवरून एका हाताने फांदी कापत होता. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की करवत क्षणात उसळून तोंडाकडे येते, आणि पुढची मूठ अंगठ्यासह घट्ट धरलेली नसेल तर ती आवरत नाही. वाकून अडकलेले खोड तर ताणलेल्या धनुष्यासारखे असते. आधी दबलेल्या, म्हणजे बाकाच्या आतल्या बाजूने थोडी खाच घेऊन मगच ताणाची बाजू कापावी लागते. करवत भाड्याने देणाऱ्यांवर हेल्मेट, तोंडावरची जाळी व पायांचे संरक्षक कपडे सोबत देण्याची सक्ती व्हावी, ही विनंती.

– एक बागायतदार, दापोली