फलक बिनतारी चालेल, पण पिस्तूल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय मैदानी स्पर्धांचा हंगाम आला की अंतिम रेषेपाशी बसलेले आम्ही वेळाधिकारी आणि मैदानाच्या पलीकडचा वेळ दाखवणारा फलक यांच्यामध्ये शंभरएक मीटर केबल अंथरावी लागते. ती कधी कोणाच्या पायात अडकते, तर कधी पाण्याच्या टँकरखाली चिरडते. त्यामुळे आयोजक आता बिनतारी फलकांकडे वळले आहेत. मात्र या खरेदीत काही मूलभूत गोष्टींची गल्लत होताना दिसते, म्हणून हे पत्र.

वेळ मोजते ते यंत्र. फलक ती फक्त दाखवतो. रेडिओलहरींना शंभर मीटर कापायला सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही. उशीर होतो तो हवेत हरवलेला संदेश पुन्हा पाठवावा लागल्यामुळे, आणि तसा अर्धा सेकंद गेला तरी धावपटूच्या नोंदीत काडीचाही फरक पडत नाही. चांगल्या फलकाला स्वतःचे घड्याळ असते. यंत्राकडून त्याला ‘सुरू’, ‘थांब’ आणि शेवटी अचूक वेळ एवढेच कळावे लागते, त्यामुळे मध्येच संपर्क तुटला तरी आकडे पळत राहतात. आमच्या मैदानावर गेल्या वर्षी आलेल्या फलकाला मात्र प्रत्येक आकडा हवेतूनच मिळत होता. सकाळी रिकाम्या मैदानावर तो उत्तम चालला. दुपारी अंतिम फेरीला गर्दी झाली आणि शंभर मीटरच्या शर्यतीत तो ७.३ वर गोठला. वाय-फाय, ब्लूटूथ आणि हा फलक या सर्वांची दाटी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात झाली होती, शिवाय माणसांची शरीरेही या लहरी शोषतात. खरी वेळ यंत्रात सुरक्षित आहे, हे पालकांना पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टाही विनापरवाना वापरता येतो. त्यावर वेग कमी मिळतो, पण चार आकडे पाठवायला तो पुरेसा आहे. अँटेना तेवढी प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर हवी.

शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाची गोष्ट मात्र निराळी आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून हाती घड्याळ धरणारा वेळाधिकारी आवाजावर नव्हे, तर धुरावर बटण दाबतो. स्वयंचलित यंत्रासाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, पिस्तुलाच्या बारापासून यंत्र सुरू होईपर्यंतचा विलंब कायम सारखाच आणि सेकंदाच्या एक सहस्रांशाच्या आत असावा. संदेश पुन्हा पुन्हा पाठवणाऱ्या साध्या बिनतारी संचाला हे जमणारे नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे कांस्यपदक ५५.४२ आणि ५५.४१ यांतल्या फरकाने हुकले, हे आठवले तर फलकासाठी आणलेली बिनतारी जोडी (संदेश पाठवणारा आणि घेणारा संच) पिस्तुलालाही लावण्याचा मोह कोणी करणार नाही.

कबड्डीत तर फलकाचा उशीरही चालत नाही. तीस सेकंदांच्या चढाईत खेळाडू फलकावरचे आकडे पाहून मध्यरेषेकडे परततो, तेव्हा तिथला अर्धा सेकंद त्याला बाद करू शकतो.

बिनतारी जोडी केवळ केबलची जागा घेते, हेही खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. एका कंपनीच्या यंत्राची माहिती दुसऱ्या कंपनीच्या फलकाला वाचता येत नसेल, तर तार काढून ती येऊ लागणार नाही. त्यामुळे निविदेत नुसते ‘बिनतारी’ लिहून भागत नाही. यंत्र कोणत्या स्वरूपात माहिती पाठवते याचा तपशील लेखी मागावा, आपल्याच यंत्राला फलक जोडून गर्दीच्या दिवशी चाचणी घ्यावी आणि त्यानंतरच देयक मंजूर करावे. फलकावर केबल जोडण्याची सोय असावी, असेही निविदेत स्पष्ट लिहावे. आमच्याकडे त्या दुपारी जुनी केबल पेटीत होती, पण नव्या फलकाला ती लावायला जागाच नव्हती. उरलेल्या सर्व शर्यतींच्या वेळा ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवाव्या लागल्या.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक