कारखान्याची पायाभरणी, कारखानदारीची मुहूर्तमेढ

मा. संपादक,
स. न.

उड्डाणपुलाचे भूमिपूजन असो की दुकानाची चौथी शाखा, बातमीत ‘मुहूर्तमेढ रोवली’ हे ठरलेलेच. इतका नेमका शब्द असा झिजवला जातो, याचे फार वाईट वाटते.

लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवतात, ती मुहूर्तमेढ. खड्ड्यात सुपारी, हळदकुंकू पडते, खांबाला आंब्याचे टहाळे बांधतात. बाकीचे खांब मांडववाले मागाहून, वेळ न बघता उभे करतात. पण मांडव पेलतात तेच. लाक्षणिक अर्थही इथूनच घ्यायचा. पहिलेपण हवेच, शिवाय मागून इतरांचे खांब उभे राहिलेले हवेत.

चित्रपटांचेच पाहा. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात १८ मे १९१२ रोजी लागला, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथेच ३ मे १९१३ रोजी. तारखेने तोरणे आधीचे. पण ‘पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रीकरण, आणि फिल्म धुवायला लंडनला गेलेली. फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणला, फिल्मच्या कडेला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरात बसवली, माणसे तयार केली आणि एकामागून एक चित्रपट काढले. ‘पहिला’ कोण यावर वाद घालता येईल. चित्रपटधंद्याची मुहूर्तमेढ फाळक्यांनी रोवली, हे निःशंक लिहावे.

‘आद्य’चेही असेच. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर आद्य पत्रकार, कारण त्यांच्यापासून मराठी पत्रांची परंपरा चालते. संस्थेचे ‘आद्य खजिनदार’ मात्र साधे ‘पहिले’ खजिनदार.

लिहिताना ‘कशाची’ हे आधी पाहावे. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ प्रवरानगरला रोवली गेली, हे बरोबर. एकट्या कारखान्याची होते ती पायाभरणी. क्रियापदाचा घोळही इथेच होतो: पाया घालतात, कोनशिला बसवतात, मेढ रोवतात. ‘मुहूर्तमेढ घातली’ किंवा ‘ठेवली’ ही पायाशी झालेली गल्लत आहे. शब्द स्त्रीलिंगी, ‘मु’ ऱ्हस्व, ‘हू’ दीर्घ, ‘मे’वर अनुस्वार नाही. ‘मुहुर्तमेंढ’ मथळ्यात तरी छापू नये, ही विनंती.

आपला,
एक मुद्रितशोधक, पुणे