मंजूर शिष्यवृत्तीच्या मुलीचं हॉल तिकीट का अडवता?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

काल कॉलेजने माझ्या मुलीचं हॉल तिकीट अडवलं. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. कारण विचारलं तर खिडकीवरच्या बाईंनी प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेलं हमीपत्र काढलं. 'शिष्यवृत्तीची रक्कम न मिळाल्यास संपूर्ण फी मी भरीन', खाली माझी सही. सही केली नसती तर प्रवेशच मिळाला नसता. शिष्यवृत्ती मंजूर आहे साहेब, पैसे तेवढे आलेले नाहीत.

वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी 100 टक्के शासन देईल, असा निर्णय जुलै 2024 मध्ये निघाला. त्या भरवशावर आम्ही तिला या शाखेला घातलं. डेव्हलपमेंट फी त्यात बसत नाही हे प्रवेशाच्या दिवशी कळलं. ती मी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली. मी लेथवर काम करतो. हप्त्यासाठी रात्रपाळी धरली, धाकट्याची शिकवणी बंद केली. काल रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, मी एक वर्ष घरी बसते, नोकरी बघते." असं बोलायची वेळ तिच्यावर का यावी?

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार जोडलेलं बँक खातं, सगळं वेळेत दिलं. कॉलेज म्हणतं, आम्ही अर्ज पुढे पाठवला. वरचं कार्यालय म्हणतं, निधी आला की पडेल. तोवर फी कोणी भरायची? ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत म्हणून ही योजना काढली, त्यानेच शासनाच्या वतीने आधी पैसे उभे करायचे आणि व्याजही त्यानेच सोसायचं. शासनाचं देणं थकलं तर शासनाला दंड नाही. माझा हप्ता एक दिवस चुकला की पतसंस्थेचा फोन येतो.

हे आजचं नाही. 1983 साली विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून इंजिनीअरिंगचं शिक्षण संस्थाचालकांच्या हाती जात राहिलं. सरकारी कॉलेजं पुरेशी काढली असती तर आम्ही कशाला खासगी संस्थेच्या दारात हात जोडून उभे राहिलो असतो? संस्था सांभाळल्या जातात, मंत्री बदलतात, घोषणा नव्याने होतात, आणि प्रत्येक वेळी आमच्यासारख्यांनी थांबायचं. किती थांबायचं?

मला भीक नको. शासनाचा हप्ता फी भरण्याच्या तारखेआधी कॉलेजच्या खात्यात जमा करा. पात्र विद्यार्थ्यांकडून असं हमीपत्र घेणाऱ्या संस्थेवर कारवाई होईल, असं लेखी काढा. कोणत्या कॉलेजचे किती पैसे कुठे अडले आहेत, ते सगळ्यांना दिसेल असं जाहीर करा.

परीक्षा सोमवारी सुरू होते. त्याआधी कॉलेजांना एवढं एक पत्र धाडा, की शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून कोणाचंही हॉल तिकीट रोखू नये. बाकीचं बोलायला मी मुंबईला यायला तयार आहे.

आपला,
एका विद्यार्थिनीचा बाप